मोतीराम म्हणा

हिवरखेडजवळून,
१४ जानेवारी

पौर्णिमा,

जय भीम. फोनच केला असता, पण आमच्या घरात मी फोन कानाला लावला की सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात. जे सांगायचं आहे ते त्यांनी ऐकलं तर उद्यापासून मला अंगणवाडीत जाऊच देणार नाहीत. म्हणून कागद घेतला. ट्रेनिंगला असताना आपलं ठरलंच होतं, गोड बातमी फोनवर आणि रडगाणं पत्रात.

तरी आधी गोडच लिहिते. तू सांगितलंस तसं मी पोरांना खोलीबाहेर काढलं. आमची खोली तुला माहीत आहे. वर पत्रे, एकच खिडकी, खिडकीखाली आहाराची पोती. पोरं भिंतीला पाठ लावून बसायची आणि मी तक्त्यावरचा बैल दाखवायचे, खरा बैल मात्र दाराबाहेर हंबरत असायचा. आता हजेरी झाली की मी, मदतनीस भागीरथाबाई आणि सगळी पोरं थेट मोतीरामबुवांच्या वावरात जातो. नाल्याकाठचा तुकडा त्यांनी यंदा पेरला नाही, मध्ये मोठा कडुलिंब आहे. बुवा स्वतःच म्हणाले, "खेयू द्या लेकराईले. माती काय झिजते थोडी?"

त्यांची नात पायल. तिचे आईबाप पुण्याला कंपनीत, ती इथे आजी-आजोबांकडे. खोलीत ही पोरगी तोंड उघडत नव्हती. आता मुंग्यांशी भांडते. लपाछपीत झाडाला हात लावला की सुटका, आणि हात लावताना ओरडायचं "मोतीराम!" झाडाचं नावच तसं पडलं आहे. बुवांना त्याचा राग येत नाही, उलट हसतात.

आता रडगाणं. गावातल्या सगळ्या फोनवर एक मेसेज फिरतो आहे. पोरं पळवणारी टोळी तेल्हाऱ्याकडे उतरली आहे, म्हणे. बायका असतात, खांद्यावर पोतं असतं, पोराला नावाने हाक मारतात आणि पोत्यात घालतात. खालचा फोटो कुठल्या देशातला आहे देव जाणे, पण लोक तो पोरांना दाखवतात. निम्मी पोरं यायची बंद झाली. जी येतात त्यांना वावरात नेलं की मी सारखी मोजत राहते. एखादं पोर झुडपामागे बसलं तरी मी धावत सुटते. आमचे प्रीतम म्हणतात, कशाला नसती जोखीम, खोलीत बसव आणि कडी लाव. मला तेच बरं वाटायला लागलं आहे. तू सांग, बंद करू का?

तुझी,
ज्योत्स्ना


अमरावती,
२० जानेवारी

ज्योत्स्ना,

जय गुरुदेव. बंद करू का म्हणे! अगं, होस्टेलला रात्री कडी लावली की पुन्हा उठून बघायचीस, पुन्हा उठून बघायचीस. शेवटी मी तुझी खाट दाराला लावून दिली होती, आठवतं? तीच कडी तू आता लेकरांना लावायला निघालीस.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझ्या बालवाडीतल्या आयांनीही तो फोटो दाखवला मला. पण खोलीत कोंडलेलं पोर काय शिकतं? बाहेर सगळे चोर आहेत, एवढंच. तू त्यांना बाहेर राहून सावध व्हायला शिकव.

आम्ही इथे करतो ते सांगते. खुणेचा शब्द. नाव काय, कोणीही घेईल. शब्द फक्त आपल्या माणसांना ठाऊक. त्याचा खेळ कर. गलका झाला, अनोळखी माणूस दिसला की पोरांनी लपायचं. मग कोणी नाव घेऊन बोलावलं, खाऊ दाखवला, रडून दाखवलं तरी बाहेर यायचं नाही. शब्द ऐकला की धावत यायचं. चार वर्षांचं पोरही दोन दिवसांत पक्कं शिकतं, मोठ्यांपेक्षा पक्कं. शब्द असा ठेव की चोराला सुचणार नाही आणि पोरं विसरणार नाहीत.

पुढच्या महिन्यात मी स्वतः येते. झोक्यासाठी दोर, मातीत खेळायला चाळण्या, नरसाळी, आणि माझ्या भाच्यांचे जुने बूट, चिखलात घालायला. पोतंभर सामान काढून ठेवलं आहे. तोवर कडीला हात लावू नकोस.

तुझी,
पौर्णिमा


हिवरखेडजवळून,
२९ जानेवारी

पौर्णिमा,

कडीला हात लावला नाही. खेळ सुरू केला. शब्द पोरांनीच ठेवला, दुसरा कुठला असणार? "मोतीराम." गावात बुवांना नुसतं मोतीराम कोणीच म्हणत नाही, सगळे "बुवा" जोडतात. त्यामुळे चोराला सुचायची भीती नाही.

पण गंमत ऐक. पायलला घ्यायला तिची आजी येते, मैनाआजी. पदराच्या ओट्यात फुटाणे घेऊन झाडाखाली बसते, पोरांचा डाव बघते. परवा तिने हाक मारली, "पायल, चाल वं घरी." पोरगी तुराट्यांच्या मागे लपलेली, हलेना. सगळी पोरं आजीभोवती नाचायला लागली, "शब्द सांग, शब्द सांग!" आजी लाजून लाल. पदर तोंडाला लावून म्हणते, "माय वं, ह्यायचं नाव हाय थे. म्या जनमात घेतलं नाही." पोरं ओरडली, "आजी चोर! आजी चोर!" मी म्हटलं, आजी, झाडाचं नाव आहे असं समजा. तर म्हणते, "झाडाचं असो का पहाडाचं, माह्या तोंडून निघत नाही बाप्पा." शेवटी मी शब्द म्हटला तेव्हा पायल बाहेर आली. घरी जाताना आजीचा हात धरला नाही, संशयाने बघत होती. लग्नाला उभा जन्म झाला, पण मैनाआजी नवऱ्याला "अजी" म्हणते आणि बुवा तिला "अवं" म्हणतात. तुला-मला हसू येईल. मी प्रीतमला सगळ्यांसमोर प्रीतम म्हणते तर सासूबाई अजून भांडी आपटतात.

तू येणार हे पोरांना सांगितलं आहे. एक कर, पोत्याऐवजी दोन-तीन पिशव्या आण. पोतं इथे बरं दिसत नाही. स्टँडवर घ्यायला मी येते, एकटी गावात शिरू नकोस.

तुझी,
ज्योत्स्ना


अमरावती,
६ फेब्रुवारी

ज्योत्स्ना,

गुरुवारी, तेरा तारखेला येते. अकरापर्यंत तुमच्या स्टँडवर. मैनाआजीचं वाचून आमच्याकडे सगळे हसले. मी तिच्याकडून शब्द वदवून घेणारच, बघ.

आणि पोतं बरं दिसत नाही म्हणजे काय गं? तुझ्या गावाला आता पोत्याचीही लाज वाटायला लागली? पिशव्यांत एवढं सामान मावत नाही. पोतंच आणते, तू तोंड लपवून चाल.

पौर्णिमा


जठारपेठ, अकोला,
१४ फेब्रुवारी

ज्योत्स्ना,

हे पत्र आत्याच्या घरून लिहिते आहे. काल पोलिसांनी गाडीतून इथे सोडलं. आतेभाऊ श्याम एसटीत कंडक्टर आहे, उद्या त्याची तेल्हाऱ्याकडची ड्यूटी आहे. त्याच्या हातीच पाठवते. माझा फोन लोकांच्या पायाखाली गेला आणि तुझा नंबर मला पाठ नाही. एवढ्या वर्षांची मैत्रीण, आणि नंबर पाठ नाही.

मला एकच सांग. पायल कशी आहे?

चौकीतल्या माणसाला मी विचारलं, मुलगी मिळाली का? तो लिहिता लिहिता म्हणाला, "सापडली." मी विचारलं, कशी सापडली? तो म्हणाला, "सापडली म्हणलं ना बाई, जा तुमी आता." सापडली म्हणजे काय, ज्योत्स्ना? विहिरीतूनही सापडतंच की. मी रात्रभर त्या एका शब्दापाशी बसले आहे. आत्या म्हणते, काही वाईट असतं तर त्यांनी तुला सोडलं नसतं. मला तेही पटत नाही.

डोळे मिटले की तो रस्ता दिसतो. तू स्टँडवर आलीस तेव्हाच तुझा चेहरा उतरलेला होता आणि मी मूर्खासारखी पोतं खांद्यावर घेऊन हसत होते. चावडीपर्यंत आलो तेव्हा मागे पाच-सहा जण होते, चावडीपाशी किती होते मला माहीत नाही. "पोत्यात काय हाय?" मी म्हटलं, खेळणी आहेत, उघडून बघा. मला वाटलं, बघितलं की हसतील. त्यांनी उपडं केलं. आधी दोर पडले. मग लहान मुलांचे बूट. ज्योत्स्ना, ते मातीत पडलेले बूट मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक बाई किंचाळली, "कोनाच्या लेकराचे होत हे?" आणि तुझ्याकडे बोट दाखवून कोणीतरी म्हणालं, "आता समजलं, ही पोरं वावरात काहून नेते थे!"

माझे केस धरले, तुझी साडी फाडली. ते पोलीस पाटील, नत्थुजी, त्यांनी दोघींना ढकलत अंगणवाडीत कोंडलं नसतं तर हे पत्र लिहायला मी उरले नसते. मी आत पोत्यांमागे बसले होते. मला काही सुचत नव्हतं. कडी लावली म्हणून बरं वाटत होतं. मी, जिने तुला कडीवरून चिडवलं.

मग बाहेरून आलं, वावरात भागीरथाबाईंकडे असलेली सगळी पोरं घरी आणली, पायल नाही. तू दार बडवत होतीस, "मोतीराम म्हणा! तिला हाक मारू नका, मोतीराम म्हणा!" आणि बाहेरचा माणूस म्हणत होता, "बुवा विहिरीवर गेले बाई, त्यायले काहून बलावते?" तू ओरडत राहिलीस आणि ते पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. तुझा आवाज फुटला, मग गेलाच. विहिरीवर ते कशाला गेले होते? दुपार कलली तेव्हा पोलीस आले आणि मला मागच्या गल्लीने नेलं. तू तिथेच राहिलीस.

हा खेळ मी शिकवला. नावाने हाक मारली तर यायचं नाही, हे मी लिहून पाठवलं. अख्खं गाव तिला नावाने हाका मारत होतं. लवकर कळव. वाईट असेल तरी कळव.

पौर्णिमा


हिवरखेडजवळून,
१५ फेब्रुवारी

पौर्णिमा,

पायल जिवंत आहे. नीट आहे. गालाला आणि हाताला ओरखडे आहेत, बाकी काही नाही. आधी हे दोनदा वाच, मग पाणी पी, मग पुढचं वाच. श्यामभाऊ स्टँडवर थांबले आहेत, पण त्यांनी सांगितलं की तू जेवलीही नाहीस, म्हणून सगळं लिहूनच देते.

तुला नेल्यावर नत्थुजींनी मला सोडलं. मी वावराकडे पळाले. कोणी अडवलं नाही, कारण गाव सगळं विहिरीभोवती होतं. बुवांच्या वावरातल्या विहिरीला कठडा नाही, तुला माहीत नाही ते. विहिरीत गळ टाकला होता, चौघं जण काठाशी उभे होते आणि दोर बुवांच्या हातात होता. दुसऱ्या कोणाला त्यांनी तो धरू दिला नाही. गळ कशाला तरी अडकला की सगळे पुढे वाकायचे. एकदा झाडाची फांदी निघाली, एकदा जुनी बादली.

मला माहीत होतं ती लपली आहे. माहीत म्हणजे काय, मी स्वतःला तसं सांगत होते. भागीरथाबाईंनाही वावरातून हाकलून घरात कोंडलं होतं, आणि शब्द जाणणारी बाकीची पोरंही घरोघरी कडीआड होती. शब्द ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच नाही, नुसता वारा. एकाला हाताने खुणावलं तर त्याने मला ढकललं, "सरक तिकडं, तुह्याच पायी झालं हे."

मैनाआजी झाडाखाली बसली होती. रडत नव्हती. हातात फुटाण्यांचा ओटा तसाच धरलेला. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या कानाशी ओठ नेले. म्हटलं, आजी, शब्द. तुम्ही म्हणा. तिने माझ्याकडे बघितलं. पौर्णिमा, ती विसरली नव्हती गं. ती तासभर तिथे बसून तोच शब्द तोंडात घोळवत होती. मला म्हणाली, "कवाची म्हणून राहिलो बाई, मनात. बाहीर येतच नाही."

मग ती उठली. फुटाणे सांडले. सगळं गाव समोर, जाऊबाई समोर, पुतणे समोर, आणि विहिरीवर पाठमोरे बुवा. पहिल्यांदा नुसतं "मो" आलं आणि अडकलं. मी तिचा हात दाबला. तिने डोळे मिटले आणि अशी ओरडली की नाल्यापलीकडची कुत्री भुंकली.

"मोतीराम!"

आणि विहिरीवरून बुवा म्हणाले, "ओ!"

त्यांनी वळून बघितलं. हातातला दोर सुटला. उभ्या जन्मात त्या बाईने त्यांना नावाने हाक मारली नव्हती आणि त्यांनी एका क्षणात ओ दिली. तेवढ्यात बांधावरच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून रागावलेला आवाज आला, "आबा, तुमाले नाही बलावलं! थो शब्द हाय!"

ढीग हलला आणि पोरगी बाहेर आली. केसांत काड्या, गालावर रक्ताची रेघ. गलका ऐकला तेव्हाच ती त्यात शिरली होती. सगळ्यांनी हाका मारल्या, आईची शपथ घातली, बुवा रडले, सगळं तिला ऐकू येत होतं. मी नंतर विचारलं, अगं, लोक मोतीरामबुवा, मोतीरामबुवा ओरडत होते, तेव्हा का नाही आलीस? तर म्हणते, "त्याच्यात बुवा होतं. शब्दात बुवा नाही." आजीकडे मात्र धावत गेली. म्हणाली, "आजी चोर नाही."

बुवा तिथेच मातीत बसले. त्यांना उठवायला दोघं लागले.

एक तुझ्यापासून लपवलं ते सांगते. मी पोतं आणू नकोस लिहिलं त्याच आठवड्यात शेजारच्या गावात एका भंगारवाल्याला पोत्यावरूनच मारलं होतं. दवाखान्यात होता. तू पुन्हा भित्री म्हणशील म्हणून मी ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. आता जेव.

ज्योत्स्ना


अमरावती,
२२ फेब्रुवारी

ज्योत्स्ना,

तुझं पत्र श्यामसमोरच वाचलं आणि त्याच्यासमोरच रडले. नंतर जेवले.

पण आता मी सांगते ते ऐक. बंद कर. खोलीत बसव पोरांना, तक्ते दाखव, बैल दाखव. मी परवापासून बालवाडीत जाते आहे, पण मुलांना अंगणात सोडलं की फाटकापाशी जाऊन उभी राहते. काल एक बाई पोतं घेऊन रस्त्याने गेली, साधं गव्हाचं पोतं, आणि मी मुलांना आत घेतलं. मी! घरी आल्यावर कडी लावते आणि पुन्हा उठून बघते. त्या विहिरीत गळ टाकलेला मी पाहिला नाही, तरी रोज पाहते. त्या दिवशी आजीचा आवाज निघाला. नसता निघाला तर? तू मला भित्री म्हण, काही म्हण. आपल्याकडून होणार नाही हे.

पौर्णिमा


हिवरखेडजवळून,
३ मार्च

पौर्णिमा,

तुला भित्री म्हणणार नाही. मला तर अजून झोपेत दोर दिसतो. सुपरवायझर मॅडमनी लेखी विचारणा केली, आणि आठवडाभर मीही खोलीला कडी लावून बसले. पोरं जेमतेम चार. ती चारही दारापाशी, फटीतून बाहेर बघत.

तुझं पोतं नत्थुजींच्या ओसरीत पडून होतं. कोणी हात लावत नव्हतं. गेल्या आठवड्यात एका सकाळी मी खोली झाडता झाडता दारात आले. बघते तर मैनाआजी. तिने पोतं उचललं होतं, डोक्यावर घेतलं होतं आणि चावडीच्या रस्त्याने, ज्या रस्त्याने तुला ओढलं त्याच रस्त्याने, चालत येत होती. बायका दारात आल्या. एकीने विचारलं, "आजी, कुठी चालल्या पोतं घेऊन?" आजी म्हणाली, "लेकरं पकडाले. तुह्यं कोठी हाय? पाठव त्याले."

हसलं कोणी नाही. पण त्या बाईने पोराला पाठवलं. स्वतःही मागे आली. आणखी दोन आया आल्या. आता त्या रोज येतात, झाडाखाली बसतात, कापूस निवडतात. मी त्यांना सांगितलं, तुमचा विश्वास नसेल तर नसू द्या, पण बसा. विहिरीला नत्थुजींनी काट्यांचं कुंपण केलं आहे, कठड्याचं बघू म्हणतात. शब्द अख्ख्या गावाला कळल्यामुळे पोरांनी नवा ठेवला. या खेपेला प्रत्येक घरातल्या एका माणसाला तो माहीत आहे आणि त्याने तो मोठ्याने म्हणून दाखवला आहे. एवढं आपलं चुकलं होतं, पौर्णिमा. आपण शब्द दिला, पण तो म्हणणारी माणसं तयार केली नाहीत. नवा शब्द मी कागदावर लिहीत नाही.

माझी भीती गेली म्हणून हे करते असं समजू नकोस. पोरं अजून दोनदा मोजते. तुझ्या पोत्यातला दोर झाडाला बांधला आहे, झोका झाला. पण दोर म्हटलं की विहीर आठवते, त्याला हात लावायला मला दोन दिवस लागले. बूट पायलने आधी घातले, मग बाकीच्यांनी.

लपाछपीत अजून झाडाला हात लावून पोरं जुनंच नाव ओरडतात, ते काही सुटलं नाही. बुवा बांधावर बसलेले असतात, तोंड रस्त्याकडे, कोण येतं-जातं ते बघत. पोरं ओरडली की ते हलत नाहीत. परवा मात्र डाव रंगला आणि मैनाआजीने पोरांच्या नादात झाडाला हात लावून तेच म्हटलं. बुवांनी रस्त्याकडची नजर काढली नाही, पण "ओ" दिली.

तू ये. स्टँडवर आम्ही सगळ्याजणी येऊ.

तुझी,
ज्योत्स्ना